नववी-ब मधली शलाका

नानांची शलाका निवेदिता मॅडमच्या पर्समधून, रुमाल आणि मोबाईलच्या चार्जरच्या मधून बाहेर आली, तेव्हा मी नववी-ब च्या शेवटच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसलो होतो. गुडघे बाकाखाली मावत नव्हते, म्हणून एक पाय मधल्या वाटेत पसरला होता आणि तो माझा नसल्यासारखा मी दुसरीकडे बघत होतो. शलाका मी लगेच ओळखली. तांब्याच्या सळया जगात पुष्कळ असतील, पण वीतभर लांब, एका टोकाला चपटी, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार आणि मधोमध किंचित वाकलेली अशी एकच आहे. तो वाक मी दिलेला. सहा वर्षांचा असताना तिनं पाठ खाजवायला गेलो होतो. घराण्याच्या चार पिढ्यांच्या विद्वत्तेत माझी एवढीच भर. शास्त्र शिकणाऱ्यांची आमच्या काशीतली जुनी परीक्षा अशी असते: पोथी मिटून समोर ठेवायची, गुरूनं कडेनं पानांत शलाका खुपसायची, आणि जे पान उघडेल ते विद्यार्थ्यानं तोंडपाठ, अर्थासकट सांगायचं. अमुक भाग वगळला आहे, तमुक प्रश्न हमखास येतो, असली भानगड नाही. माझे वडील, नीलकंठशास्त्री, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळे नाना म्हणतात, त्यांनी पन्नास वर्षं या सळईनं न्यायशास्त्राच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या, परीक्षा घेतल्या. ती त्यांच्या उशाशी एका पितळी नळीत असते. निदान काल रात्रीपर्यंत असते असा माझा समज होता. आता ती एका विज्ञानाच्या बाईच्या हातात होती, आणि बाई हसत म्हणत होत्या, "चलो, आज किसकी बारी है?" आणि बेचाळीसपैकी तीसेक हात वर गेले. परीक्षेला. हात वर.

माझ्या मांडीवर चार पानी फॉर्म होता. नव्या मूल्यांकनात कुणी नापास होत नाही. मुलं होत नाहीत आणि, हे मागाहून कळलं, शिक्षकही होत नाहीत. पूर्वी शंभरपैकी गुण असत, आता तीन पायऱ्या आहेत: बीज, अंकुर, वृक्ष. मी गणिताचा माणूस. अकरा वर्षं मी अर्धा गुण कापण्यात घालवली. उत्तर कितीही बरोबर असू दे, अर्ध्या गुणापुरतं काहीतरी सापडतंच, आणि त्या सापडण्याला मी शिस्त म्हणत आलो. आता एखाद्या मुलीला 'अंकुर' म्हटल्यावर त्यातून अर्धा कसा कापायचा, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. प्रशिक्षण एका लग्नाच्या लॉनवर झालं. मागे कालच्या वरातीचं 'सोनू वेड्स पूजा' तसंच होतं, आणि त्याच्याखाली उभ्या राहून तज्ज्ञ बाईंनी आम्हा साठ मास्तरांना आपली सध्याची मनःस्थिती भाजीच्या रूपात काढायला सांगितली. मी भोपळा काढला. त्यांनी त्यावर 'समृद्धि' असा शेरा दिला. पण त्याच लॉनवर एक खरी गोष्टही जाहीर झाली: जिल्ह्यातून काही 'मार्गदर्शक शिक्षक' निवडायचे होते. दुसऱ्या शाळांत जायचं, तिथल्या मास्तरांच्या वर्गात बसायचं, मुलं कुठं अडतात ते त्यांच्यासोबत शोधायचं. आमच्या कॉलेजातून (बारावीपर्यंतच्या शाळेला इकडे कॉलेजच म्हणतात) दोन अर्ज गेले, एक निवेदिता मॅडमचा आणि एक माझा. आमचे प्रिन्सिपल विश्वेश्वर सिंह यांनी दोन्ही अर्ज समोर ठेवून बराच विचार केला आणि म्हणाले, "आप दोनों एक-दूसरे की क्लास देख लीजिए. इससे ज़्यादा निष्पक्ष क्या होगा?" आखाड्यात उतरलेल्या दोन पैलवानांनीच एकमेकांना गुण द्यावेत असा हा न्याय. तिनं सोमवारी माझा तास पाहिला आणि तासाभरात फॉर्म देऊनही टाकला. आज माझी पाळी. आज दोन वाजता पोर्टल बंद होणार, आणि ज्याच्यावरचा फॉर्म पोचला नाही त्याचा अर्ज आपोआप बाद. म्हणजे मला काही वाईट करण्याची गरजच नव्हती. फक्त काही करायचं नव्हतं, आणि त्या कामाचा मला अकरा वर्षांचा अनुभव होता.

पहिली पाळी रुची साहनीची आली. ही मुलगी माझ्याही वर्गात आहे. म्हणजे हजेरीपटावर आहे. गेल्या सहामाहीत तिला पन्नासपैकी साडेतीन गुण होते, आणि 'ध्यान नहीं देती' हा शेरा मी फार विचार न करता लिहिला होता, कारण त्या दिवशी तो शेरा मी एकोणीस जणांना लिहीत होतो. तिचे वडील मुन्शी घाटावर नाव चालवतात. रुचीनं विज्ञानाचं पुस्तक मिटून धरलं, शलाका स्वतःच्या हातानं कडेनं आत सरकवली, आणि इथं मी सरसावून बसलो, कारण आमच्याकडे शलाका विद्यार्थ्याच्या हातात कधी गेलीच नाही. ती गुरूच्या हातात असायची आणि आपण तिच्या टोकाकडे बघायचं. पान उघडलं. लोखंडाचा खिळा पाण्यात बुडतो, लोखंडाचं जहाज का बुडत नाही, ते पान. रुची हसली. मग ती बोलायला लागली, आणि पुस्तकातलं नाही, घरातलं बोलायला लागली: नाव रिकामी असते तेव्हा पाणी कुठवर, दहा माणसं बसली की कुठवर, नागपूरची सतरा माणसं सामानासकट बसली की पप्पा कुठल्या तोंडानं देवाचं नाव घेतात. वर्ग हसला. "नाव नीचे बैठती है तो पानी को हटाती है. जितना पानी हटा…" आणि ती थांबली. फळ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि दुर्दैवानं माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं भुवई वर केली. निवेदिता मॅडम तिच्या आणि माझ्या मधे येऊन उभ्या राहिल्या. मुद्दाम आल्या की नुसत्या चालत आल्या ते मला सांगता येणार नाही. म्हणाल्या, "कहाँ तक आता है?" रुची म्हणाली, "पानी हटने तक." "अच्छा. बहुत दूर तक आ गई." आणि त्यांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली, वर लिहिलं 'पानी हटने तक', रेघेखाली जागा मोकळी सोडली, आणि वर्गाला विचारलं, "रुची यहाँ तक ले आई है. यहाँ से कौन ले जाएगा?"

बारा वर्षांचा असताना मलाही एक पान आलं होतं. सकाळची वेळ, ओले केस, नानांसमोर नऊ विद्यार्थी मांडी घालून, मी दहावा. मोठ्यांच्या रांगेत मला पहिल्यांदाच बसवलं होतं. आई दारात उभी होती, हातात काहीतरी घेऊन. वाटी असावी. शलाका आत गेली आणि पर्वतावरच्या धुराचं पान उघडलं. न्याय शिकणारा प्रत्येक जण या पानावरून जातो: पर्वतावर धूर दिसतो आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. मला हे येत होतं. रस्त्यानं चालताना येत होतं, अंघोळीला बसल्यावर येत होतं. मी पर्वत म्हणालो, मी धूर म्हणालो, आणि त्यापुढे डोक्यात असा काही स्वच्छ, पांढरा, निर्मळ कोरेपणा पसरला की तो मला आवडलाही. नाना थांबले. रागावले नाहीत. त्यांनी शलाका पानांतून हळूच काढून घेतली, पोथी लाल फडक्यात बांधली, गाठ मारली, आणि म्हणाले, "उद्यापासून तू शाळेतच जा." एवढंच. रागावले असते तर पुढे कधीतरी राग उतरला असता. चोवीस वर्षं झाली, माझ्यापुढे ती शलाका परत आली नाही. मी शाळेत गेलो, गणित घेतलं कारण त्यात कुणी डोळ्यांत बघत नाही, बीएड केलं, मास्तर झालो. लोकांना वाटतं घराण्याचा वारसा चालवला. मी धुरापर्यंत गेलेला माणूस आहे.

आणि तिला नानांकडे मीच नेलं. हे मला कुणी विचारू नये म्हणून मी स्वतःच मधूनमधून सांगून टाकतो. तिचे मिस्टर बँकेत, नागपूरहून बदली होऊन आले. गेल्या वर्षी गणपतीत दुर्गाघाटच्या आमच्या जुन्या गल्लीतल्या उत्सवाला मी तिला बोलावलं, कारण स्टाफरूममध्ये ती एकदा म्हणाली होती, "सर, मराठी बोलायला मिळत नाही तर जबड्याला गंज चढून राहिला हो." नाना आरतीनंतर पायरीवर बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसली आणि विचारलं, "नाना, न्याय म्हणजे कोर्टवाला का?" मी मनात म्हटलं, झालं, आता ही उठणार. नाना हसले. मी नानांना हसताना पाहिलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या लग्नांत. त्यानंतर ती दर गुरुवारी कॉलेज सुटल्यावर दुर्गाघाटला नानांच्या दोन खोल्यांत जायला लागली. मी रविवारी जातो. भाजी, बीपीची गोळी, गॅसचा नंबर लावला का, पंधरा मिनिटं. नाना सिगऱ्याच्या आमच्या फ्लॅटवर राहायला येत नाहीत. तिकडे गंगा बाटलीतून येते असं त्यांचं म्हणणं. रविवारी मी गेलो की गुरुवारच्या खुणा दिसायच्या: संत्र्याची सालं, एका कागदावर तिच्या अक्षरात काहीतरी, आणि 'करून राहिले' हा नागपुरी प्रयोग नानांच्या तोंडात. ब्याऐंशी वर्षांचा नैयायिक, गंगेकडे बघत मला म्हणतो, "आज पाणी चढून राहिलं रे." माझी बायको मुक्ता हे सगळं ऐकते आणि पोळी लाटता लाटता म्हणते, "तुम्ही तिच्यावर जळता की नानांवर, ते एकदा ठरवा. म्हणजे त्या हिशेबानं मला स्वयंपाक करता येईल." मी म्हणतो, जळायचं काय त्यात. मुक्ता म्हणते, "नाही ना, मग भेंडी करते." मत्सराला आमच्याकडे भेंडी का नसते हे मला आजवर कळलेलं नाही, पण विचारायची हिंमत नाही.

फळ्यावरच्या रेघा खाली खाली जात होत्या. एका मुलानं हटलेल्या पाण्याचं वजन केलं आणि तिथं अडला, दुसऱ्या मुलीनं खिळ्याचं आणि नावेचं पोट एकमेकांशी ताडून पाहिलं आणि तिथं अडली. प्रत्येकाच्या अडण्याला एक रेघ आणि रेघेवर नाव. पोरं अडण्यासाठी धडपडत होती. माझ्या वर्गात हीच पोरं अडू नये म्हणून तोंड उघडत नाहीत. मी बघत होतो आणि फॉर्मवरचा पहिला चौकोन माझ्याकडे बघत होता. मी चुका शोधायला लागलो. देवाच्या दयेनं सापडल्या. मागच्या दोन बाकांवरची चार मुलं फुलीगोळा खेळत होती. अख्ख्या तासात बाई तिथपर्यंत आल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या खेळात मनातल्या मनात गोळ्याच्या बाजूनं भाग घेतला. मग कुणीतरी विचारलं, "मैम, ये वाला खेल आपने कहाँ सीखा?" आणि ती शलाका पुसत म्हणाली, "एक बुज़ुर्ग गुरुजी ने सिखाया. उन्होंने कहा, बच्चा अटक जाए तो किताब बंद मत करना. पूछना, कहाँ तक आता है." पुस्तक बंद करायचं नाही. नाना असं म्हणाले. नाना. मी बाकावर बसलेला, छत्तीस वर्षांचा, एक पाय वाटेत, आणि मला तिचा राग येईनासा झाला, कारण त्याहून मोठी गोष्ट आत घुसली होती आणि दोघांना जागा नव्हती. मला त्या बेचाळीस पोरांचा हेवा वाटत होता. त्यातल्या फुलीगोळावाल्या चौघांचासुद्धा. रुची साहनीचा तर इतका, की उद्या तिच्या वहीत अर्धा गुण कापायला काही सापडेल का, हा विचार मी पूर्ण करून मग सोडला. चौदा वर्षांच्या मुलीवर जळणं हे मास्तराला शोभत नाही. पण फॉर्ममध्ये निरीक्षकाच्या शोभेसाठी रकाना नव्हता.

तास संपला. ती माझ्याकडे आली, कपाळावर खडू. "ढुंढिराज सर, कुठं फसलं ते लिहा हं. नुसतं चांगलं चांगलं लिहून देऊ नका, बाप्पा. मला माहीत आहे, मागच्या बाकांपर्यंत पोचले नाही मी." माझा एकुलता एक शोध तिनं आधीच लावला होता. मी विचारलं, "ही शलाका…" "नानांची! तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? मी म्हटलं, आईस्क्रीमची काडी वापरते, तर म्हणाले नेऊन टाक, इथं उशाशी झोपूनच राहिली आहे." तिनं ती माझ्यापुढे धरली, बघायला. मी हात मागे घेतला. घड्याळात साडेबारा वाजले होते. पुढचा माझा तास अडीचला. "फॉर्म भरून देतो," मी म्हटलं, आणि तो चौघडी करून खिशात घातला. घडी घातलेला फॉर्म पोर्टल घेत नाही असं मला कुणीतरी सांगितलं होतं. बहुधा मीच.

कॉलेजपासून दुर्गाघाट बारा मिनिटांवर आहे. वाटेत सांड बसला असेल तर त्याच्या मर्जीवर. मी भांडायला निघालो होतो. चोवीस वर्षांचं भांडण, त्याला क्रम हवा म्हणून मनात मुद्दे मांडत होतो: एक, ती वस्तू घरातली आहे. दोन, मी घरातला आहे. तीन… तिसरा मुद्दा दर वेळी चौखंब्याच्या वळणावर सुटायचा. जिना चढलो तेव्हा एक वाजून गेला होता. नाना खिडकीशी बसून दही-पोहे खात होते.

"आज काय बुधवार ना?" नाना म्हणाले. "तबियत ठीक आहे ना तुझी?"

"शलाका तिला दिलीत."

"दिली."

"का?"

"तिनं मागितली नव्हती, तरी दिली. काम होतं तिला."

"मला कधी…" मी म्हटलं, आणि वाक्य कुठं न्यायचं ते कळेना.

नानांनी वाटी खाली ठेवली. "तू तर गणित शिकवतोस. चांगलं शिकवतोस म्हणे. सोमवारी तुझा वर्ग बघितल्यावर फोन केला होता तिनं. म्हणत होती, सरांचा फळा फार सुंदर असतो."

"वर्गाबद्दल काय म्हणाली?"

"फळ्याबद्दल म्हणाली."

मी वेताच्या मोड्यावर बसलो. बाहेर कुणीतरी घाटाच्या पायऱ्यांवर गालिचा आपटत होतं. मग मी विचारलं ते मला विचारायचं नव्हतं. "कुठवर येतं, हे तुम्ही तिला शिकवलंत? मूल अडलं तर पुस्तक मिटू नये, हे?"

"शिकवलं नाही. मला कुठं येतं ते? मला येते ती घाबरवायची परीक्षा." नाना बोटानं वाटीच्या कडेचं दही निपटत होते. "तिनं विचारलं, नाना, शलाका लावल्यावर मूल गप्प झालं तर तुम्ही काय करायचात? मी म्हटलं, पोथी बांधायचो. म्हणाली, मग ते मूल? तर तिला एका मुलाचं सांगितलं. धुरापर्यंत आला होता. चांगला आला होता, स्वर स्वच्छ होता. तिथं विचारायला हवं होतं, बाळ, कुठवर येतं. नऊ जण बघत होते. मी पोथी बांधली. चूक झाली म्हटलं. बस, एवढंच. बाकीचं तिनं शोधून काढलं."

म्हणजे माफी झाली होती. मागून झाली होती, रीतसर, 'चूक' या शब्दासकट. फक्त ती दुसऱ्याच पत्त्यावर पोचली होती, आणि ज्या बाईला पोचली तिनं ती उघडून, वाचून, नववी-ब ला वाटून टाकली होती. बेचाळीस पोरांना माझी माफी मिळाली होती. दर तासाला मिळत होती. मला तिची झेरॉक्ससुद्धा नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "तिचा फॉर्म माझ्या खिशात आहे. दोनच्या आत दिला नाही तर तिची निवड रद्द."

"कसली निवड?"

मी सांगितलं. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना मदत करायची, त्यांच्या वर्गात बसायचं. गाजीपूर, चंदौली, जौनपूर. आठवड्यातून चार दिवस बाहेर.

"गुरुवारी?" नाना म्हणाले.

"गुरुवारीही."

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक तीस. "घाई काय आहे तुला," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले. फळीवरून लाल फडक्यातली पोथी काढली. "बस. आलाच आहेस तर घेऊ. धुराचंच पान काढू."

चोवीस वर्षं. मी मांडी घातली. छत्तिसाव्या वर्षी, शाळेच्या पॅन्टमध्ये, बेल्ट पोटात रुतत असताना मी मांडी घातली. नाना गाठ सोडत होते. गाठ सुटत नव्हती. बोटं म्हातारी आहेत, मी म्हटलं, मी सोडू का, तर म्हणाले नको. एक पदर सुटला. नानांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसरा पदर सुटला, नानांनी घड्याळाकडे पाहिलं. फडकं नीट, चारही कोपरे काढून, घडीवर घडी करून बाजूला ठेवलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. एक सदतीस. घड्याळाकडे बघायची ती तऱ्हा माझ्या चांगल्याच परिचयाची होती. साडेबारापासून मी तसंच बघत आलो होतो.

"नाना," मी म्हटलं, "तुम्हाला ती जायला नको आहे."

नाना गप्प झाले. पोथी त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि ते तिच्यात बघत होते, पण वाचत नव्हते. वाचताना त्यांचे ओठ हलतात. त्यांचं हे गप्प होणं मी ओळखलं. मी बोललो नाही. उठलोही नाही. घड्याळ चालत होतं, खिशातला फॉर्म मांडीला टोचत होता, आणि मला, खरं सांगायचं तर, माझ्या बापाला अडलेला बघून जरासं बरंही वाटलं. मग ते वाटणं गेलं. मी बसून राहिलो.

"ती विचारते काहीतरी," नाना शेवटी म्हणाले. "उलटसुलट विचारते. मला रात्री जागून उत्तर शोधावं लागतं. बाकी आठवडाभर मला कुणी प्रश्न विचारत नाही. जेवलात का, गोळी घेतली का, बस."

"ते मी विचारतो."

"तूच."

खाली गालिचा आपटणं थांबलं होतं. मी फॉर्म काढला, मोड्यावर ठेवून उलगडला, घड्या हातानं दाबल्या. नाना बघत होते. विषयाची समज: वृक्ष. विद्यार्थ्यांचा सहभाग: वृक्ष. चुकांचा उपयोग शिकण्यासाठी: वृक्ष. हे तीन चौकोन भरताना मला दाढ काढल्यासारखं झालं, तिन्ही वेळा. सगळ्यांपर्यंत पोहोच: इथं मी 'अंकुर' लिहिलं आणि खाली नोंद केली, मागच्या दोन बाकांवर चार मुलं फुलीगोळा खेळत होती, त्यांच्यापासून एखादा तास सुरू करून पाहावा. खरं होतं ते. तिला उपयोगीही पडेल. तरीपण अर्धा गुण कापल्याचं सुख मिळालं, ते मी लपवत नाही.

"शुक्रवारी मी येतो," मी उठत म्हटलं.

"कशाला?"

"परीक्षेला."

"येणार नाही तुला."

"धुरापर्यंत येतं."

पोथी त्यांनी बांधली नाही एवढं मी दारातून पाहिलं आणि जिना उतरलो. जिन्यात मला कळलं की अजून मी तिच्यावर जळतोच आहे, अगदी पहिल्यासारखा, आणि या जळण्यासह माणसाला बऱ्यापैकी पळता येतं.

दोनला चार मिनिटं कमी असताना मी विश्वेश्वर सिंहांच्या टेबलापुढे उभा होतो, धापा टाकत. त्यांनी फॉर्मच्या घड्यांकडे नापसंतीनं पाहिलं, चष्मा लावला, चौकोन वाचले. "पेड़, पेड़, पेड़, अंकुर. ठीक है." सही करायला पेन टेकवलं आणि शेवटच्या रकान्याशी थांबले. सूचना. तो मी त्यांच्याच दाराबाहेरच्या बाकावर कागद टेकवून, उभ्या उभ्या भरला होता. त्यांनी मोठ्यानं वाचलं: "'चयन होने पर गुरुवार को इनकी ड्यूटी वाराणसी से बाहर न लगाई जाए.' ये क्या है, ढुंढिराज जी? गुरुवार को क्या है?"

"एक विद्यार्थी है, सर. गुरुवार को ये उसे अलग से पढ़ाती हैं."

"कमज़ोर है?"

"अकेला है. छूट गया तो पिछड़ जाएगा."

प्रिन्सिपल साहेबांनी मान हलवली. नव्या धोरणात मागे पडणाऱ्या मुलांबद्दल वेगळं परिपत्रक आहे, ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी फॉर्मच्या समासात टाचण करायला पेन फिरवलं. "किस क्लास का बच्चा है? नाम-वाम लिखना पड़ेगा."

मी नाव सांगितलं, नीलकंठ. वर्गाच्या जागी काय लिहायचं ते दोघांनाही सुचेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "उम्र ही बता दीजिए," आणि मी म्हटलं, "दाख़िला थोड़ा देर से हुआ है, सर."